न झालेल्या व्यवहारांची फी

बस्त्यांवकाकांनी एक पैसाही खाल्ला नव्हता.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. तोंडाने तर अजून कोणाजवळच बोललो नाही, बायकोजवळ नाही की आईजवळ नाही. संपादकांनी मला वेगळंच मागितलं होतं. मालवणात बसून परदेशी कंपनीचं काम करताना येणाऱ्या गमतीजमती लिहा, म्हणाले. गमतीजमती आहेत थोड्या, त्याही सांगतो. पण हे वाक्य आधी लिहिलं नसतं तर मी त्या गमतींवरच लेख उरकला असता. माझी सवय मला ठाऊक आहे.

आधी काम काय ते सांगतो. क्रिप्टो म्हणजे आभासी नाण्यांचे व्यवहार ज्या नोंदवहीत लिहिले जातात तिला ब्लॉकचेन म्हणतात. वही एकच, पण तिच्या प्रती जगभरच्या संगणकांवर. एकदा लिहिलेलं कोणाला खोडता येत नाही. सगळ्यांना उघडी, पण वाचायला गेलात तर डोळे पांढरे होतील अशी. त्या वहीतून हव्या त्या नोंदी उपसून, हिशेबनिसाला कळतील अशा ओळी-रकान्यांत मांडून द्यायच्या, याला आम्ही एक्सपोर्ट म्हणतो. कोणी दिले, कोणाला दिले, केव्हा, किती. आणि शेवटचा रकाना फीचा. व्यवहार वहीत लिहून घेण्यासाठी जे मोजावं लागतं ती फी. माझी उमेदीची वर्षं त्या शेवटच्या रकान्यात गेली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, फी काय, वहीत लिहिलेलीच असेल. बिटकॉइनच्या वहीत ती कुठेही लिहिलेली नसते. व्यवहारात किती नाणी आत आली ती बघायची, किती वाटली गेली ती बघायची, आणि वजाबाकी करायची. जे कोणाच्याच नावावर नाही ते फीत गेलं. आत आलेली नाणी किती, हेही त्या नोंदीत नसतं. ती आधीच्या कुठल्या नोंदीतून आली तिथवर मागे जावं लागतं. हे मागे जाणं म्हणजेच आमची नोकरी.

देवगडचे एक बागायतदार यामुळेच माझ्याकडे आले होते. नाव सांगत नाही, देवगडात लगेच ओळखतील. त्यांनी कुठूनतरी शिकून, तयार ॲप न वापरता, हाताने बिटकॉइनचा व्यवहार मांडला होता. द्यायचे होते थोडे, हातातलं नाणं मोठं. बिटकॉइनमध्ये नाणं मोडताना उरलेले सुट्टे स्वतःलाच परत पाठवायचे, हे आपणच लिहावं लागतं. ते लिहायला हे विसरले. उरलं ते सगळं फीत गेलं.

"म्हणजे माका परत कोण देतलो?" त्यांनी विचारलं.

"कोण नाय."

"अरे, बाजारात सुट्टे इसारलंय तर म्हावरेवाली सुदा मागसून हाक मारता!"

"हय हाक मारूक कोण नाय, अण्णा."

त्यांनी माझ्या पडद्यावरची ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "तू निदान तोंडार तरी सांगितलंस." त्यानंतर दर मोसमात त्यांच्याकडून हापूसची पेटी येते. तोंडावर खरं सांगणारा माणूस म्हणून. या वर्षीही आली. मी ती शेजारी वाटून टाकली.

दुसरी वही इथेरियमची. तिथे फीची रीत निराळी. तिथे प्रत्येक कामाला इंधन लागतं, त्याला गॅसच म्हणतात. होडी समुद्रात घालताना आपण डिझेल भरतो तसं व्यवहार पाठवताना किती गॅसपर्यंत जाळू द्यायचा ती मर्यादा आपण सांगायची. गॅसचा दर लिलावासारखा, गर्दी वाढली की चढतो. फी म्हणजे खरोखर जळालेला गॅस गुणिले दर. नवशिके मर्यादेलाच दराने गुणतात आणि फी फुगवून ठेवतात. जळालेला आकडा व्यवहाराच्या नोंदीत नसतो, तो वेगळ्या पावतीत असतो, आणि ती पावती वेगळी मागवून घ्यावी लागते. या वहीला जेव्हा जेव्हा हात लावला तेव्हा मी ती मागवायला चुकलो नाही. याचा मला अभिमान होता, आणि माझी चूक या अभिमानाच्या अगदी शेजारी बसलेली होती.

महामारीत कंपनीने घरून काम करायला सांगितलं तेव्हा मी पुण्याहून मालवणात आलो आणि परत गेलोच नाही. पुढे पावसाच्या तोंडावर ते वादळ झालं. आमच्या वाडीच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या. इंजिनं वाळूत गेली, जाळी कुठल्या कुठे.

वाडीतली बरीच पोरं परदेशी जहाजांवर आहेत. त्यांनी जहाजाजहाजांतून वर्गणी काढली. त्यांच्याबरोबरच्या फिलिपिनो, युक्रेनी खलाशांनीही टाकले. बँकेतून पाठवायला प्रत्येक बंदरात वेगळी कटकट, म्हणून पोरांनी इथर पाठवलं, इथेरियमच्या वहीवर चालणारं नाणं. पाठवलं बस्त्यांवकाकांना.

काका जहाजावरचे निवृत्त इलेक्ट्रिशियन. घर चॅपेलच्या मागे, घरात ते आणि त्यांची बायको फिलूबाय, मुलगी लग्न करून म्हापशाला. वाडीतल्या पोरांचे, हिंदू असो की ख्रिस्ती, जहाजावर लागायचे कागद काकांनीच करून दिलेले. आमच्या वाडीच्या गणपतीची रोषणाईही तेच करायचे. चतुर्थीच्या आधी शिडीवर चढून, तोंडात स्क्रू धरून, खालच्यांना शिव्या घालत.

इथरचा भाव रोज वरखाली. म्हणून आलं की काका ते डॉलरच्या भावाला बांधलेल्या नाण्यात बदलून ठेवायचे, मग लागेल तसे विकून रुपये करायचे आणि पाळीपाळीने होडीवाल्यांना द्यायचे. बऱ्याच होड्या त्या पैशांवर पुन्हा पाण्यात गेल्या, हे कोणीच नाकारलं नाही. पण पोरांनी पाठवलेले किती आणि वाडीत वाटले किती, हा मेळ शेवटी बसेना. कोणीतरी ग्रुपवर विचारलं. मग सगळेच विचारायला लागले.

मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष दाजी तांडेल माझ्या पडवीत येऊन बसले.

"सुदू, तुझो ह्योच धंदो मां रे?"

"व्हय, दाजी."

"मगे बग आणि सांग. काका म्हणतत, फीत गेले. फी म्हणान इतकी आसता?"

"बघून सांगतंय."

"नीट बग हां. माणूस आपलो आसा."

मी नीट बघितलं, असं मला वाटलं. काकांच्या पाकिटाचा, म्हणजे वहीतल्या त्यांच्या खात्याचा, पत्ता त्यांनी स्वतःच दिला. "सगळा बग रे झिला, माका काय लपवूचा नाय," म्हणाले. फोन पुढे केला. पडद्यावर काही व्यवहारांपुढे हिरवी खूण होती, काहींपुढे लाल.

"ह्या लाल कित्याक येता ता माका कधी कळला नाय. लाल इला काय मी परत दाबी."

"लाल म्हणजे ता झालाच नाय, काका."

"मगे बरा," ते म्हणाले.

माझं सगळं शिक्षण बिटकॉइनच्या वहीवर झालेलं. तिथे फसलेला व्यवहार वहीत चढतच नाही, आणि चढला नाही तर फीही नाही. इथेरियमचं काम कंपनीत दुसरी तुकडी करायची. मी त्यांचा तयार प्रोग्राम घेतला आणि काकांच्या पत्त्यावर चालवला. तो फसलेले व्यवहार मुळातच गाळून टाकत होता, कारण त्यांच्या गिऱ्हाईकांना फक्त झालेली देवघेव हवी असायची. ती गाळणी मला दिसली. मला ती बरोबरच वाटली. त्या तुकडीतल्या कोणालाही फोन केला असता तर पाच वाक्यांत उलगडा झाला असता. पण फी या विषयात मी कोणाला विचारायचं, असं माझं तेव्हा होतं.

माझ्या हिशेबात फी आली, पण थोडी. मोठी रक्कम उरली, ती पाकिटात नव्हती आणि माझ्या कागदावरही तिला जागा नव्हती.

आमच्या वाडीत रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की मासळीचे वाटे तिथेच वाळूत घालतात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. वाट्याबद्दल कोणाला काही म्हणायचं असेल तर तिथेच म्हणायचं. घरी जाऊन कुजबुजायचं नाही. म्हणून हा हिशेबही तिथेच झाला, सोसायटीच्या शेडीपुढे, होड्या परतल्यावर. बायकाही मासळीच्या पाट्या घेऊन उभ्या होत्या.

मी कागद वाचला. ज्या लोकांशी जन्मभर मालवणी बोललो त्यांच्यासमोर त्या दिवशी शुद्ध मराठीत, तहसीलदार कचेरीत बोलावं तसा बोललो. इतकं आलं, इतकं बदललं, इतकी फी, इतकी रक्कम अनुत्तरित.

"अनुत्तरित म्हणजे काय ता सरळ सांग मरे," मागून कोणीतरी म्हणालं.

"म्हणजे तिचा हिशेब लागत नाही."

"म्हणजे खाल्ल्यानी?"

मी म्हणालो, "ते मी सांगू शकत नाही. मी फक्त आकडे सांगतो."

असं म्हणणारा माणूस सगळंच सांगून बसलेला असतो.

दाजींनी काकांना विचारलं, "काका, तुमी सांगा."

"काय सांगू, दाजी? दाबलंय काय लाल येय. मगे परत दाबी. तेतूच गेले असतले."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "जो व्यवहार झालाच नाही त्याचा खर्च कसा पडेल?"

कोणीतरी हसलं. मग फिलूबाय पुढे आली. हातातली पाटी तिने खाली ठेवली नाही. "माझ्या घोवान कोणाचा सूत सुदा उचलूक नाय. तू त्या कागदार काय लिवलंस ता परत वाच. परत वाच मां!"

मी परत वाचलं. तेच होतं ना. परत वाचून काय बदलणार होतं!

काकांनी मागची माडांची जागा विकून ती रक्कम भरली. दाजी म्हणाले, "काका, भरूक कोण सांगूक नाय तुमका." काका म्हणाले, "माझ्या हातातसून गेले, ते मी भरतलंय." त्या पैशांत सोसायटीने होड्या वर ओढायला विंच बसवली. पुढच्या सभेत मला सोसायटीचा खजिनदार केलं, शाल आणि नारळ देऊन. त्या वर्षी चतुर्थीला रोषणाईसाठी कट्टा गावाहून माणूस आणला. काका आपल्या पायरीवर बसून त्याला शिडी लावताना बघत होते. नाताळात वाडी त्यांच्याकडे दोदोल खायला जायची, ती गेली नाही. मीही गेलो नाही. नंतर घराला कुलूप लागलं, दोघं मुलीकडे म्हापशाला गेली.

पुढे कंपनीने मला इथेरियमच्या तुकडीत टाकलं. एका परदेशी गिऱ्हाईकाची तक्रार आली, तुमच्या फीच्या बेरजेप्रमाणे आमच्याकडे जास्त नाणी उरायला हवीत, प्रत्यक्षात कमी आहेत. मी वजाबाक्या करत बसलो होतो. पुण्याहून तनुजा नावाची सहकारी फोनवर सहज म्हणाली, "दादा, फेल झालेले घेतलेत ना? गॅस त्यांचाही जळतो."

"हो हो, घेतलेत," मी म्हणालो.

घेतले नव्हते.

तिने सांगितलं त्यात गूढ काही नाही. रिकामी फेरी झाली म्हणून डिझेलवाला पैसे परत देत नाही. होडी निघाली, जाळं टाकलं, काही लागलं नाही, तरी टाकी रिकामी झालीच. इथेरियमवर व्यवहार अर्ध्यात फसला तरी तो वहीत चढतो, लाल होऊन चढतो, आणि तोवर जळालेल्या गॅसची फी कापली जाते. माझे वडील आयुष्यभर समुद्रावर गेले. रिकाम्या फेऱ्यांवर आमचं घर कसं तरलं ते मी बघितलेलं आहे. आणि मीच फक्त भरलेल्या फेऱ्या मोजल्या.

दुपार होती. आई आतून हाक मारत होती, "सुदू, जेवूक ये, कढी निवता." मी काकांचा पत्ता पुन्हा घातला, गाळणी काढली आणि प्रोग्राम चालवला. लाल ओळी येत गेल्या. मी प्रत्येकीची पावती मागवली. जळालेला गॅस, गुणिले दर. त्या महिन्यांत दर आभाळाला टेकलेले होते. काकांनी वाडीचे पैसे वाचावेत म्हणून मर्यादा दर वेळी अगदी हात आखडून ठेवली होती. इथर बदलायचं काम मध्यावर यायचं आणि गॅस संपायचा. ते पुन्हा दाबायचे. पुन्हा संपायचा. बेरीज केली. अनुत्तरित रकमेत काहीही उरलं नाही. शेवटच्या दशांशापर्यंत काही नाही.

मी जाऊन जेवलो.

तेव्हा लगेच दाजींकडे का गेलो नाही, याची कारणं मी स्वतःला बरीच दिली. कंपनीत कळेल. खजिनदार आहे, सोसायटीचं नाव जाईल. काका आता म्हापशाला सुखात असतील, खपली कशाला काढा. विंच बसली आहे, पैसे परत कुठून द्यायचे. प्रत्येक कारण त्या त्या दिवशी खरं वाटायचं. खरं कारण एकच. वाळूत उभं राहून बोललेलं वाळूत उभं राहूनच मागे घ्यावं लागलं असतं, आणि मला त्या पाट्यावाल्या बायकांसमोर उभं राहायचं नव्हतं.

एका शुक्रवारी बायकोबरोबर म्हापशाच्या बाजारात गेलो होतो. ती मिरच्या निवडत होती. पाठीवर हात पडला.

"सुदू मां रे? जाड झालंस!"

काका. हातात पिशवी, पाय जरा ओढत होते. त्यांनी आईची चौकशी केली, दाजींची केली, विंच बरी चालते का विचारलं. मग मला मिरच्यांच्या ढिगापासून बाजूला घेतलं.

"तुका एक सांगूचा होता. माझो फोन एकदा पाण्यात पडलेलो. तेवांच माझ्या हातान कायतरी चुकीचा दाबला गेला असतला. म्हातारपण रे. तुका उगाच सगळ्यांम्होरे वायट व्हावा लागला. मनात ठेव नको."

मला बोलायला तीन शब्द पुरले असते. माझी चूक झाली.

"असूदे, काका," मी म्हणालो.

वाळूतल्या कागदाबद्दल मी अजून म्हणू शकतो की मला माहीत नव्हतं. या 'असूदे'बद्दल काहीच म्हणू शकत नाही. तोवर मला वाटत होतं की लोकांनी त्यांना चोर मानलं एवढंच झालं. आपल्या हाताने घोळ झाला, हे त्यांनी स्वतःही मानलेलं होतं. जन्मभर जहाजांच्या तारा जोडलेला माणूस स्वतःच्या बोटांवर विश्वास ठेवेनासा झाला होता, आणि मी त्यावर मान डोलावून आलो.

या वर्षी फिलूबाय गेली. तिला मालवणातच पुरायचं, अशी तिची इच्छा होती म्हणून इकडे आणलं. वाडीतले थोडेच आले. मी दफनभूमीच्या फाटकाशी उभा होतो. सगळं आटोपल्यावर काका माझ्याजवळ आले. टोपी हातात.

"इलंस ता बरा केलंस," म्हणाले. मग, "तिका तुझो तो कागद शेवटापर्यंत पटूक नाय हां. मरणाच्या आदल्या दिवसापर्यंत म्हणी, तेका परत वाचूक सांगा."

"आणि तुमका?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"माका पटलो," काका म्हणाले. "तू शिकलेलो."

मुलगी गाडीतून हाक मारत होती. ते गेले.

हा अंक बाहेर पडेल तेव्हा वाडीत कोणीतरी तो वाचेल, संध्याकाळपर्यंत सगळीकडे होईल. पण छापून आलेलं म्हणजे सांगितलेलं नव्हे. मी तो आरोप लेखातून केला नव्हता. आणि फिलूबायला तर आता कोणीच काही वाचून दाखवू शकत नाही. ते देणं कायमचं बुडालं.

उरलेलं असं. काकांच्या माडांच्या जागेचे पैसे मी देणं लागतो, सोसायटी नव्हे. त्याआधी म्हापशाला जाऊन, फसलेल्या व्यवहारांचा नवा कागद त्यांच्या हातात देऊन, चूक त्यांच्या बोटांची नव्हती, माझी होती, हे त्यांना तोंडाने सांगायचं देणं आहे. आणि त्यांना घेऊन शेडीपुढे, होड्या परतण्याच्या वेळी, तेच सगळ्या वाडीला मालवणीत सांगायचं देणं आहे. यातलं अजून काहीही दिलेलं नाही.